गुडघ्याखालून दिलेली कॉफी

ही गोष्ट मी आजवर निदान पंधरा वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी लोक हसलेत.

आमच्या जुन्या बिल्डिंगच्या सुपरने एकदा मला कॉफी दिली. तळघरात, बॉयलरशेजारी. तो स्टुलावर बसला, डावा पाय उचलून रंगाच्या रिकाम्या डब्यावर ठेवला आणि कप डाव्या हाताने त्या गुडघ्याच्या खालून माझ्यापुढे धरला. चेहरा एकदम शांत. मला वाटलं, आज नवीन काहीतरी खूळ. मी वाकून कप घेतला, प्यायलो, "थँक यू, व्हेरी नाइस" म्हणालो आणि वर घरी आलो. पुढे पॉटलकच्या जेवणांमध्ये मी हा प्रवेश करूनही दाखवत असे. प्लॅस्टिकचा ग्लास गुडघ्याखालून काढायचा, भुवया वर करायच्या. लोक म्हणायचे, "अरे, तो अल्बेनियनवाला सांग ना!"

सांगताना मी एक गोष्ट मात्र वगळायचो. कॉफी त्याने कुठल्या दिवशी दिली ती.

आज ती सांगणार आहे. पण आधी तो माणूस कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही हसाल.

इथे जुन्या भाड्याच्या बिल्डिंगा असतात, त्यांच्या देखभालीला एक माणूस ठेवलेला असतो. गळका नळ, तुंबलेलं सिंक, कचरा, बर्फ, सगळं त्याच्याकडे. त्याला सुपर म्हणतात. राहायला तळघरातली खोली मिळते; नोकरी गेली की खोलीही जाते. न्यू जर्सीतल्या आयसेलिनपासून वीसेक मिनिटांवर असलेल्या आमच्या चार मजली विटांच्या बिल्डिंगचा सुपर हा अल्बेनियन मुलगा होता. मुलगाच म्हणायचा, सव्वीस-सत्तावीसचा असेल. मी तेहतीस वर्षांचा, एच-वन व्हिसावर आलेला, ग्रीन कार्डच्या रांगेत उभा.

तो कुणालाही नावाने हाक मारत नसे. त्याच्या लेखी आम्ही सगळे दारांवरचे नंबर होतो. मी थ्री-सी. तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या आजीबाई वन-ए. एकदा मी त्याला माझं नाव सांगून पाहिलं. तो म्हणाला, "नावाचं काय सांगतोस? इथे येणारा प्रत्येक जण नाव कापून आखूड करतो. नंबर बघ, खिळ्यांनी ठोकलाय." त्याच महिन्यात मी ऑफिसात स्वतःच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर वापरायला सुरुवात केली होती.

उत्तर अल्बेनियातल्या डोंगरातलं त्याचं गाव. एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं, ग्रीसमध्ये संत्री तोडली, इटलीत लाद्या बसवल्या, तिथून दोनदा हाकललं गेलं, मग व्हिसाच्या लॉटरीत नंबर लागला आणि इथे आला. हे तो मजेत सांगायचा. पण ऐकणाऱ्याने 'अरेरे, बिचारा' असा चेहरा केला की तिथेच थांबायचा. "चेहरा नीट कर. मग पुढचं सांगतो."

कामाच्या निळ्या कपड्यांवर तो तपकिरी कोट घालायचा, कुणाच्या तरी लग्नात शिवलेला असावा असा. संडास मोकळा करायलाही कोट. मी विचारलं तर म्हणाला, "इन्शुरन्सवाला कोट घालून येतो आणि काही दुरुस्त करत नाही. मी दुरुस्त करतो. मग कोट कुणी घालायचा?"

खोली तापवणारा रेडिएटर गरम झालाय की नाही हे तो हाताच्या मागच्या बाजूने बघायचा, आई पोराचा ताप बघते तसा. कुणी घाईत "हाऊ आर यू" म्हणून पुढे जायला लागलं, तर हा त्याला थांबवून खरोखर सांगायचा, की दाढ दुखते आहे, गावाकडे भाऊ जमिनीवरून भांडतो आहे, आणि काल रात्री भात कच्चा राहिला. लोक त्याला टाळायला जिना बदलत. 'सॉरी' हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. एकदा त्याच्या हातून माझ्या बाथरूमची फरशी फुटली. मी वाट बघतोय की आता म्हणेल. तो म्हणाला, "फरशी फुटली. उद्या नवी." आणि उद्या नवी. आतापर्यंत अमेरिकेत मला हजार माणसांनी सॉरी म्हटलं असेल. नवी फरशी फार थोड्यांनी दिली.

दाराजवळच्या फळ्यावर तो स्वतः लिहिलेल्या सूचना लावायचा. 'कचरा माझा भाऊ नाही. त्याला भेटायला मी दिवसातून पाच वेळा येणार नाही.' थंडी सुरू झाली की एकच सूचना: 'हीट आज. हीट उद्या.' आणि नक्की येशील ना, बघशील ना, असं कुणी विचारलं की त्याचं ठरलेलं वाक्य: "मी खालीच आहे."

त्या हिवाळ्यात बायको दोन वर्षांच्या मुलीला घेऊन माहेरी होती आणि आई सहा महिन्यांसाठी बार्शीहून आली होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि त्याचं इंग्रजी त्याला एकट्यालाच येत होतं. दोघांचं फार जमलं. त्याला काही सांगायचं असलं की तो अल्बेनियनमध्ये सांगे, आई मराठीत उत्तर देई. "जेवलास का रे बाळा? डोळे किती खोल गेलेत!" यावर तो दोन मिनिटं काहीतरी सांगायचा आणि आई म्हणायची, "तेच तर मी म्हणते." तिला तो 'नॅना' म्हणे. त्यांच्याकडे आईला तसंच म्हणतात. साऱ्या बिल्डिंगमध्ये नंबर नसलेली ती एकटीच.

त्याची मानही आमच्यापेक्षा उलटी हलायची. 'हो' म्हणायला तो मान आडवी हलवी. 'नाही' म्हणायला हनुवटी एकदाच वर उचले आणि जिभेने च्च करी. बिल्डिंगमधल्या लोकांनी यावरून त्याच्याशी कितीतरी भांडणं केली. दुरुस्त करणार का विचारलं तर मान आडवी, म्हणजे हा नाही म्हणतोय! आईला मात्र कधी अडचण आली नाही. "अगदी माझ्यासारखीच तर डुलवतो," म्हणायची.

आईने त्याला स्टीलच्या डब्यातून शेंगदाण्याची चटणी पाठवली. डबा दुसऱ्या दिवशी परत आला तो भाजून तेलात मुरवलेल्या लाल मिरच्या भरून. आईला परमानंद. रिकामं भांडं परत करायचं नाही हे याला कुणी शिकवलं? त्यालाही तोच प्रश्न पडला होता, हे मला त्याने नंतर सांगितलं. तो डबा हिवाळाभर खालीवर करत राहिला. मिरच्या खाऊन आई दर वेळी म्हणे, "लसूण कमी पडतोय, पण शिकेल."

वसंतात त्याची आई येणार होती, व्हिजिटर व्हिसावर. त्यासाठी त्याने तळघरातल्या खोलीची एक भिंत पिवळी रंगवली, कारण खाली खिडकी नव्हती. "सकाळ झाली असं तिला वाटायला पाहिजे," म्हणाला. मी म्हटलं, छान दिसते. तर माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, मी कीव करतोय का म्हणून.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. आता आम्ही वेस्ट विंडसरला राहतो, घरात हीट थर्मोस्टॅटवर चालते आणि खाली कुणी नसतं. मुलगी कॉलेजातून वीकेंडला आली होती. तिने सिनेमाचा एक कोर्स घेतलाय. "बाबा, कम, वॉच विथ मी. सबटायटल्स आहेत, झोपायचं नाही, ओके?"

सिनेमा एका अल्बेनियन तरुणाचा होता. परक्या शहरात येतो, हॉटेलात भांडी घासतो, बांधकामावर सिमेंट वाहतो, कागदपत्रं नाहीत म्हणून जो येईल तो त्याला वाकवतो. पहिल्या दहा मिनिटांतच त्या पोराने 'नाही' म्हणायला हनुवटी वर उचलली आणि मी सोफ्यावर सरळ होऊन बसलो. मुलीला वाटलं, मला सिनेमा आवडला.

मग तो प्रसंग आला. पोरगा गावी परततो. त्याने कुणाला तरी दिलेला शब्द मोडलेला असतो. काका सगळ्यांना कॉफी देतो, एकेकाला, नीट, उजव्या हाताने. याची पाळी येते. काका डावा पाय उचलतो आणि कप गुडघ्याखालून पुढे धरतो. पोरगा कपाकडे बघत राहतो आणि घेत नाही.

"व्हॉट वॉज दॅट?" मुलगी म्हणाली, आणि लगेच फोनवर शोधून मोठ्याने वाचायला लागली. मी तिचंच मराठी करून सांगतो. त्या डोंगरातली जुनी रीत आहे. ज्याने शब्द मोडला, ज्याने करायचं ते केलं नाही, त्याला घराबाहेर काढत नाहीत. घरात घेतात. पण कॉफी गुडघ्याखालून देतात. आपली लाज भरून काढेपर्यंत त्याला दर वेळी तशीच मिळते. "दॅट्स ब्रूटल," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "बाबा? आर यू ओके? तुमची ती फनी स्टोरी... वेट."

मी उठून किचनमध्ये गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

आता तो दिवस कसा आला ते.

जानेवारीतला रविवार, दुपार. आईचा डबा आणायला मी तळघरात गेलो होतो. त्याने कॉफी ठेवली होती, लांब दांड्याच्या पितळी भांड्यात. मी बॉयलरच्या मागच्या बाजूला खोक्यावर बसलेला. तेवढ्यात मालकाचा मॅनेजर खाली आला. मी त्याला दिसलो नाही. तो म्हणाला, आठवडाभर बॉयलर बंद ठेव. विचारलं तर सांग, पार्ट यायचाय. जुने भाडेकरू कंटाळून गेले की मालक बिल्डिंग नवी करून दुप्पट भाड्याने देणार आहे.

सुपरने हनुवटी वर उचलली. च्च.

मॅनेजर म्हणाला, "नोकरी हवीय ना?"

"हवीय. हीट आज, हीट उद्या. हीच नोकरी."

मग मॅनेजरने स्वतः बॉयलरचं झाकण उघडलं, ज्वाला पेटवणारा वीतभर लांब भाग काढला, ओव्हरकोटाच्या खिशात घातला आणि निघून गेला. हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं आणि डोळ्यांनी पाहिलं. माझ्या हातात कॉफीचा कप होता.

चार दिवस बिल्डिंगमध्ये हीट नव्हती. आई दोन स्वेटर, कोट आणि माकडटोपी घालून बसायची. तळमजल्यावरच्या वन-ए आजीबाईंना न्यूमोनिया झाला, त्यांना हॉस्पिटलात हलवलं. सुपर रोज त्यांच्या बंद दारापर्यंत जाऊन परत येई. चौथ्या दिवशी त्याने स्वतः दुसरा भाग मिळवून आणला आणि बसवला. तेच त्याच्या अंगाशी आलं. टाउनचा इन्स्पेक्टर आला तेव्हा मॅनेजरने सांगितलं, या माणसाने परवानगीशिवाय बॉयलर उघडला, त्यानेच बिघडवला, आजीबाई आजारी पडल्या त्या याच्यामुळे. सुनावणीची तारीख लागली. टाउनच्या इमारतीत, मंगळवारी सकाळी दहा वाजता.

तो वर आला. पहिल्यांदाच माझ्या दारात आला, हातात पाना नसताना.

"थ्री-सी, तू तिथे होतास."

"होतो."

"येऊन सांगशील?"

"सांगेन."

त्याने त्याच्या भाषेतला एक शब्द उच्चारला, 'बेसा'. म्हणजे दिलेला शब्द. त्यांच्याकडे तो माणसापेक्षा मोठा असतो. त्याने हात पुढे केला. मी हात दिला. आतून आई म्हणाली, "कोण आहे रे? त्याला आत तरी बोलव."

मग मी ऑफिसातल्या एका मित्राला विचारलं. नागपूरचा, चांगला माणूस. तो म्हणाला, "पागल आहेस का यार? ग्रीन कार्ड शेवटच्या स्टेजला आलंय आणि तू सुनावणीत नाव देतोस? फाइल अडकली तर?" बरीच वर्षं मी हे त्याच्या नावावर खपवत आलो. खरं असं आहे की माझा इमिग्रेशनचा वकील एका ई-मेलच्या अंतरावर होता. मी त्याला विचारलं नाही. तो 'काही होत नाही, खुशाल जा' म्हणाला असता, तर मला जावं लागलं असतं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे बोललो नाही. बायकोपुढेही नाही.

मंगळवारी मी गेलो. हेही कुणाला ठाऊक नाही. टाउनच्या इमारतीसमोर पार्किंग लॉटमध्ये गाडी लावली आणि आतच बसलो. दहाला दहा कमी. तो पायऱ्यांवर उभा होता. तपकिरी कोट, आत पांढरा शर्ट, गळ्यात टाय. बोचरा वारा होता, पण आत जाईना. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत होता. दहा वाजले. दहा वाजून पाच झाले. कुणीतरी दार उघडून त्याला बोलावलं. त्याने एकदा रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं आणि आत गेला. मी गाडी मागे घेतली आणि ऑफिसला गेलो. अकराची मीटिंग होती. त्या मीटिंगमध्ये मी बराच बोललो असं सगळे म्हणाले.

निकाल त्याच्याविरुद्ध गेला. एकट्याच्या शब्दाला कोण विचारतो? नोकरी गेली, आठ दिवसांत खोली सोडायची. आईला मी सांगितलं, "मी गेलो होतो, पण ते म्हणाले साक्षीदाराची गरज नाही." आईने माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाली. आईच्या त्या 'बरं'मध्ये काय होतं, ते मी तपासलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने मला खाली बोलावलं. ती कॉफी त्याने त्या दिवशी दिली. गुडघ्याखालून. आणि मी "व्हेरी नाइस" म्हणालो. डबाही दिला, मिरच्यांनी भरलेला. "हा नॅनासाठी," म्हणाला. "फक्त नॅनासाठी."

आठ दिवस झाल्यावर त्याने सामान ट्रंकेत भरलं, खोलीची किल्ली मॅनेजरच्या हातात दिली आणि खुर्ची घेऊन बिल्डिंगच्या पुढच्या पायऱ्यांवर येऊन बसला. कोट, टाय. म्हणाला, "वन-ए हॉस्पिटलातून परत आल्याशिवाय मी जात नाही. तिचा रेडिएटर मला बघायचाय."

मॅनेजर आला, ओरडला. हा म्हणाला, "खोली तुझी. पायरी सगळ्यांची." पोलिसांना बोलावलं. एक तरुण पोलीस आला, त्याने विचारलं, "सर, हाऊ आर यू टुडे?" याने त्याला संपूर्ण सांगितलं. दाढेपासून. पोलिसाने सगळं ऐकून घेतलं, थर्मासमधली कॉफी प्यायला आणि मॅनेजरला म्हणाला, "हा माणूस खुर्चीवर बसलाय. बसणं गुन्हा नाही."

आम्ही चोवीस कुटुंबं होतो. येता-जाता सगळे त्याच्याकडे बघून मान हलवत आणि आत जात. खाली उतरली ती एकटी आई. नऊवारीवर माझं जॅकेट, डोक्याला माकडटोपी, हातात घडीची खुर्ची आणि मेथीची जुडी. त्याच्या शेजारी खुर्ची मांडली आणि मेथी निवडायला बसली. मी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बघत होतो. खिडकी उघडून म्हणालो, "आई, थंडी आहे, वर ये."

तिने वर बघितलं. "तू खाली ये," म्हणाली.

मी खिडकी लावून घेतली.

दोघं तीन दिवस बसले. दहा ते चार, ऑफिससारखे. तिसऱ्या दिवशी दुपारी आजीबाईंची गाडी आली. त्याने त्यांना हाताला धरून आत नेलं, रेडिएटरला हाताची मागची बाजू लावली, आणि बाहेर येऊन आईच्या पाया पडला. आमची पाया पडायची पद्धत त्याला कुणी दाखवली, देव जाणे. ट्रंक उचलली आणि गेला. फळ्यावर नवी सूचना होती: 'मी खाली नाही. तुम्ही तर वरच आहात.'

आई बार्शीला परत गेल्यावर फोनवर दर वेळी त्याच्याबद्दल विचारायची. मी म्हणायचो, मजेत आहे. मला काहीही ठाऊक नव्हतं. ती गेली, त्याला आता सहा वर्षं झाली.

तो मला एकदा दिसला होता. तीनेक वर्षांपूर्वी, देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर. मिठाईच्या दुकानासमोर एक पांढरी व्हॅन उभी होती आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं: 'हीट आज. हीट उद्या.' खाली फोन नंबर. व्हॅनच्या पलीकडून तपकिरी कोटाची एक बाही दिसली. मी बायकोचा हात धरून शेजारच्या साडीच्या दुकानात शिरलो. ती चकित झाली. लग्नाच्या वीस वर्षांत मी आपणहून साडीच्या दुकानात शिरलो तो एकदाच. तिने पैठणी घेतली. ती नेसली की मी आजही दुसरीकडे बघतो.

व्हॅनवरचा नंबर मात्र पाठ झाला होता. सिनेमा पाहिल्यानंतर चौथ्या दिवशी मी तो लावला.

"हॅलो."

"मी थ्री-सी."

त्याने न विचारताच पत्ता सांगितला. मग: "शनिवारी सकाळी ये. मी इथेच आहे."

गॅरेजांच्या एका रांगेत त्याचं वर्कशॉप आहे. जुने बॉयलर, पाइप, तीन माणसं कामाला. केस पांढरे झालेत, कोट तोच किंवा त्याच्यासारखा. एक भिंत पिवळी. ती बघून मी विचारलं, "आई आली होती?"

त्याने हनुवटी एकदा वर उचलली. आपल्याकडच्या कुणाला ते 'हो' वाटलं असतं. मला कळलं.

"नॅना?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. तो उठला, नळाखाली हात धुतले, परत येऊन बसला. मग मी सगळं बोललो. मुलीबरोबर पाहिलेला तो सिनेमा, मित्र, वकील, न केलेली ई-मेल, आईला सांगितलेलं खोटं, पार्किंग लॉट.

"पार्किंग मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "हिरवी गाडी. मागच्या दिव्याला लाल टेप. ती टेप मीच लावली होती ना."

"तू मला बघितलंस?"

"बघितलं. मला वाटलं, देव आठवत असेल, येईल. पाच मिनिटं जास्त उभा राहिलो."

"त्या कॉफीचा अर्थ मला ठाऊक नव्हता," एवढंच म्हणालो. "मी थँक यू म्हणालो. सतरा वर्षं लोकांना हसत सांगितलं."

यावर तो मोठ्याने हसला, कामावरची माणसं वळून बघायला लागली. "ठाऊक नव्हतं म्हणून तर प्यायलास! आमच्याकडचा एकही प्यायला नसता. मी तेव्हा म्हटलं, हा फार निर्लज्ज आहे किंवा फार थकलेला." मग विचारलं, "तो सिनेमा तू पूर्ण पाहिलास?"

"पाहिला. तू?"

"अर्धा. तो पोरगा फार सॉरी म्हणतो."

मी तोंडावर आलेलं सॉरी गिळलं.

त्याने कॉफी ठेवली. तेच लांब दांड्याचं पितळी भांडं. तीन वेळा वर येऊ दिली, कपात ओतली. मी त्याच्या हाताकडे बघत होतो, लपवून नव्हे, सरळ. त्याने डावा पाय उचलला, लोखंडी पाइपावर ठेवला, आणि कप गुडघ्याखालून पुढे धरला.

मी वाकलो. घेतला. या वेळी 'व्हेरी नाइस' म्हटलं नाही. तळाचा गाळ लागेपर्यंत प्यायलो.

"कधीपर्यंत?" मी विचारलं.

"तू सांगशील तोपर्यंत."

"कुणाला सांगू? केस संपली. मालकाने बिल्डिंग विकून टाकली. आजीबाईही नसतील आता."

"मला कोर्ट नको, थ्री-सी. तुझ्या लोकांत सांग. जिथे तू ते हसत सांगत होतास, तिथे."

आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेच्या संपादिका काकूंनी माझ्याकडे 'काहीतरी हलकंफुलकं, तो अल्बेनियनवाला किस्सा चालेल' असं मागितलं होतं. याचा पहिला खर्डा पाठवला तेव्हा त्यांचा फोन आला. "अहो, छान आहे, पण जरा... आणि हल्लीचे दिवस कसे आहेत, बघताय ना. नाव न घालता छापू या का? किंवा तो सुनावणीचा भाग काढू." नागपूरचा मित्रही तेच म्हणाला: "सिटिझन झालास म्हणून काय झालं यार, कशाला उगाच?"

मी हनुवटी वर उचलली. फोनवर ते दिसत नाही, म्हणून तोंडानेही नाही म्हटलं. कागदपत्रं हातात नव्हती तेव्हा मी घाबरलो, ते समजण्यासारखं आहे असं लोक म्हणतील. म्हणू देत. कागदपत्रं आता हातात आहेत आणि तरीही घाबरायचं असेल, तर ती भीती कागदांची कधीच नव्हती. छापायचं तर अख्खं छापा, माझ्या पूर्ण नावानिशी, कापून आखूड न करता.

तर सतरा वर्षं उशिरा, तुमच्यासमोर सांगतो. जानेवारीतल्या त्या रविवारी दुपारी मी बॉयलरशेजारी बसलो होतो. बॉयलर सुपरने बिघडवला नाही. त्याला तो बंद ठेवायला सांगितलं गेलं आणि तो नाही म्हणाला. भाग मॅनेजरने काढला आणि स्वतःच्या ओव्हरकोटाच्या उजव्या खिशात घातला. मी ऐकलं, मी पाहिलं. सांगायला येतो असा शब्द मी दिला होता, आणि मी आलो नाही.

अंक छापून आला की एक प्रत घेऊन त्याच्याकडे जाणार आहे. आईचा स्टीलचा डबा माझ्याकडे आहे, त्यात चटणी भरून. त्याला मराठी वाचता येत नाही, मी वाचून दाखवेन. मग कॉफी तो कुठून देईल, ते त्याचं तो ठरवेल. गाडी मात्र या वेळी दारासमोर लावणार आहे.